गावची वीज : खरेदी, मोजमाप आणि देयक

दिवस मावळला की गावातील खांबांवरचे दिवे लागतात आणि पहाटे नळाला पाणी येते. या दोन गोष्टी इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की त्यांमागे एक खरेदी आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. दिवे बंद पडले किंवा विद्युतपंपाची जोडणी तोडली गेली म्हणजे मात्र ती खरेदी सर्वांना आठवते. पाणी दोन दिवस आले नाही तर हंडे घेऊन विहिरीची वाट कोणाला धरावी लागते, हे सांगण्याची गरज नाही.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ अन्वये गावातील रस्त्यांवर दिवाबत्तीची सोय करणे आणि पिण्याच्या पाण्याचा पुरवठा करणे ही कामे ग्रामपंचायतीकडे सोपविण्यात आली आहेत. त्यासाठी दिवाबत्ती कर व पाणीपट्टी आकारण्याचा अधिकारही याच अधिनियमाने दिला आहे. अहिल्यानगर जिल्ह्याचे १४ तालुके आहेत आणि ग्रामपंचायतींची संख्या तेराशेच्या घरात आहे. २०२४ सालापर्यंत हा जिल्हा अहमदनगर या नावाने ओळखला जात असे. त्यातील प्रत्येक ग्रामपंचायत ही विजेची ग्राहक आहे. ग्राहक म्हणून तिचे अधिकार कोणते, तिचा पैसा कोठे जातो आणि तो कोठे वाचू शकतो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

दर ठरतो कोठे?

बाजारातून सिमेंट किंवा नळाचे पाइप घ्यावयाचे असल्यास ग्रामपंचायत दरपत्रके मागविते आणि त्यांची तुलना करून निर्णय घेते. विजेच्या बाबतीत तसे करता येत नाही. राज्याच्या बहुतेक ग्रामीण भागात वीज पुरविणारी संस्था एकच, ती म्हणजे महावितरण. १९६० मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची २००५ मध्ये पुनर्रचना झाली. तेव्हा निर्मिती, पारेषण व वितरण यांसाठी स्वतंत्र कंपन्या अस्तित्वात आल्या. विजेचा दर मात्र महावितरण स्वतः ठरवीत नाही. तो महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवितो. आयोगासमोर दराचा प्रस्ताव आला की त्यावर जाहीर सुनावणी होते आणि कोणत्याही ग्राहकाला लेखी हरकती व सूचना मांडता येतात. ग्रामपंचायतही त्यास अपवाद नाही. दराविषयी बोलण्याची खरी जागा ती आहे.

ब्रिटनसारख्या देशात वेगळी पद्धत आहे. तेथे १९९० च्या दशकात विजेची व वायूची किरकोळ विक्री स्पर्धेला खुली झाली. त्यामुळे तेथील लहानशी स्थानिक परिषदही निरनिराळ्या कंपन्यांचे देकार मागविते आणि ठरावीक मुदतीचा करार करते. काही वेळा अनेक परिषदा एकत्र येऊन खरेदी करतात. या पद्धतीचे लाभ आहेत, तसे धोकेही आहेत. २०२१-२२ मध्ये युरोपात वायूचे व विजेचे दर भडकले, तेव्हा ज्या संस्थांच्या कराराची मुदत नेमकी त्याच सुमारास संपत होती, त्यांना नवा करार फार चढ्या दराने करावा लागला. आपल्याकडे थंडीत इमारती उबदार ठेवण्यासाठी वायू घ्यावा लागत नाही. त्यामुळे ग्रामपंचायतीचा इंधनखर्च म्हणजे मुख्यत्वे विजेचाच खर्च होय. मोठ्या ग्राहकांना खुल्या प्रवेशाची तरतूद आपल्याकडेही आहे. केंद्र शासनाच्या २०२२ च्या नियमांनी हरित ऊर्जेसाठी ही मर्यादा १०० किलोवॉटपर्यंत खाली आणली. तथापि, पाच किंवा दहा अश्वशक्तीचा पंप चालविणारी ग्रामपंचायत तेथवर पोहोचत नाही.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. विजेचा दर गावाबाहेर ठरतो. परंतु वीज किती लागेल, हे गावातच ठरते. पंप किती कार्यक्षम आहे, पाणी किती उंचीवरून उचलावे लागते, नळ किती गळतात आणि दिवे किती तास जळतात, या गोष्टी ग्रामपंचायतीच्या हातात आहेत. तिच्या खरेदीचे कौशल्य येथेच आहे.

जिल्ह्याने घेतलेला एक अनुभव

वीजखरेदीच्या बाबतीत या जिल्ह्याने एक मोठा प्रयोग केलेला आहे. १९६९ मध्ये ग्रामीण विद्युतीकरण महामंडळाची स्थापना झाल्यानंतर देशात पाच ठिकाणी ग्रामीण वीज सहकारी संस्था उभ्या करण्यात आल्या. श्रीरामपूरची मुळा-प्रवरा इलेक्ट्रिक को-ऑपरेटिव्ह सोसायटी ही त्यांपैकी एक. कर्नाटकातील हुक्केरी, गुजरातमधील कोडिनार, तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील सिरसिल्ला आणि उत्तर प्रदेशातील लखनौ येथील संस्था या तिच्या समकालीन होत. सहकारी साखर कारखानदारीत आघाडीवर असलेल्या या भागाने वीजवितरणही सहकारी तत्त्वावर चालवून पाहावे, ही कल्पना त्या काळाला साजेशीच होती.

विद्युत मंडळाकडून घाऊक वीज विकत घ्यावयाची आणि श्रीरामपूर, राहुरी व लगतच्या भागातील सभासदांना ती पुरवावयाची, असे या संस्थेचे कार्य होते. सुमारे चार दशके तिने हे काम केले. शेतीपंपांना वीज मिळाली आणि वाड्यावस्त्यांवर दिवे आले. परंतु संस्थेचा ग्राहकवर्ग मोठ्या प्रमाणावर शेतीपंपांचा होता आणि शेतीपंपांची आकारणी बव्हंशी मीटरवर न होता अश्वशक्तीच्या हिशेबाने होत असे. घाऊक वीज युनिटाने मोजून घ्यावयाची व किरकोळ वीज न मोजता द्यावयाची, अशी ही स्थिती होती. खरेदीचा दर आणि थकबाकी यांविषयी संस्था व मंडळ यांच्यात वर्षानुवर्षे वाद चालला. जानेवारी २०११ अखेर संस्थेच्या परवान्याची मुदत संपली आणि फेब्रुवारी २०११ पासून त्या भागाचा पुरवठा महावितरणकडे गेला.

या इतिहासाकडे दोषारोपाच्या दृष्टीने पाहण्याचे कारण नाही. त्यातून घ्यावयाचा धडा साधा आहे. जी वस्तू मोजून विकत घ्यावी लागते, तिचा वापरही मोजलाच पाहिजे. सहकारी संस्थेच्या बाबतीत जे खरे ठरले, ते ग्रामपंचायतीलाही लागू आहे.

देयक गावाच्या हाती आले

पथदिव्यांच्या देयकांचा भार दीर्घकाळ मुख्यतः शासकीय अनुदानावर होता. देयक परस्पर भागते, असा अनुभव असल्यामुळे गावात किती दिवे आहेत, त्यांपैकी किती चालू आहेत आणि मीटर फिरतो की नाही, याची चौकशी करण्याचे कारणच उरले नव्हते. मध्यंतरी थकबाकी साचत गेली. २०२१ मध्ये ही देयके पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून भरण्याच्या सूचना ग्रामपंचायतींना देण्यात आल्या. त्याच सुमारास राज्यातील अनेक गावांच्या पथदिव्यांचा पुरवठा थकबाकीपोटी खंडित झाला आणि सरपंचांनी त्याबद्दल तीव्र नाराजी व्यक्त केली.

ही नाराजी अकारण नव्हती. वित्त आयोगाच्या निधीचा आराखडा आधीच तयार असतो. त्यात शाळेची दुरुस्ती, गटारे, अंगणवाडी अशी कामे धरलेली असतात. मागील वर्षांची थकबाकी त्यातून भागवावी लागली की ही कामे मागे पडतात. शिवाय, २०२१-२२ ते २०२५-२६ या कालावधीत आयोगाच्या निधीचा ६० टक्के भाग पाणी व स्वच्छता यांसाठी बंधित होता. उरलेल्या ४० टक्के अबंधित भागावर पथदिव्यांसह इतर सर्व गरजांचा ताण पडत असे. एप्रिल २०२६ पासून सोळाव्या आयोगाचा कालावधी सुरू होतो. त्याच्या अटी काहीही असल्या तरी एक गोष्ट बदलणारी नाही. दिवे जाळून वाया गेलेला प्रत्येक रुपया हा गावाच्याच दुसऱ्या एखाद्या कामातून वजा होणार आहे.

देयक कसे वाचावे?

ग्रामपंचायतीकडे साधारणतः तीन प्रकारच्या जोडण्या असतात : पाणीपुरवठ्याची, पथदिव्यांची आणि कार्यालयाची. या तिन्ही वर्गवाऱ्या वेगळ्या आहेत व त्यांचे दरही वेगळे आहेत. म्हणून प्रत्येक देयकावर पहिल्याने वर्गवारी पाहावी. पाणीपुरवठ्याच्या पंपाची नोंद चुकून व्यापारी वर्गात झालेली असेल, तर वर्षानुवर्षे जादा रक्कम जात राहते. उलट, पथदिव्यांच्या मीटरवरून भाड्याने दिलेल्या गाळ्याला किंवा उत्सवाच्या मांडवाला वीज देणे हा अनधिकृत वापर ठरतो आणि विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम १२६ खाली त्याची वाढीव आकारणी होऊ शकते.

दुसरी पाहण्याची बाब म्हणजे मंजूर भार. स्थिर आकार हा वापरावर अवलंबून नसतो. साडेसात अश्वशक्तीचा पंप काढून पाच अश्वशक्तीचा बसविला, पण मंजूर भार जुनाच राहिला, तर बचतीचा काही भाग हातून निसटतो. तिसरी बाब मीटरवाचनाची. चालू व मागील वाचन यांऐवजी ‘सरासरी’ किंवा ‘सदोष मीटर’ असा शेरा महिनोन्‌महिने येत असल्यास ते देयक वापराचे नसून अंदाजाचे आहे, असे समजावे व मीटर बदलून मिळण्यासाठी लेखी अर्ज करावा.

ऊर्जा आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार अशी इतर शीर्षेही देयकावर असतात. ती युनिटांवर आकारली जातात. म्हणजे युनिट कमी झाले की तीही आपोआप कमी होतात. वीस किलोवॉटपेक्षा अधिक भार असलेल्या जोडणीला शक्तिगुणक, म्हणजे पॉवर फॅक्टर, सांभाळावा लागतो. पंपाजवळचा कपॅसिटर निकामी झाल्यास तो बदलण्याचा खर्च अल्प असतो. न बदलल्यास देयक मात्र वाढते. अशा मोठ्या जोडण्यांना दिवसाच्या वेगवेगळ्या तासांना वेगळा दर लागू होतो. पूर्वी सवलत मुख्यतः रात्रीच्या तासांना असे. सौर विजेचे प्रमाण वाढल्यापासून ती दिवसाच्या तासांकडे वळू लागली आहे. म्हणून प्रत्येक नवा दरआदेश निघाल्यावर पंपाचे वेळापत्रक पुन्हा तपासावे.

देयक मुदतीपूर्वी भरल्यास अल्पशी सूट मिळते आणि मुदतीनंतर विलंब आकार व पुढे व्याज लागते. मासिक सभेपुढे खर्चाची मंजुरी ठेवण्यास उशीर झाला, एवढ्याच कारणाने अनेकदा हा दंड पडतो. वीजदेयकांसाठी आगाऊ ठराव करून ठेवल्यास तो टळतो.

पाण्याचे गणित

दोन हजार लोकवस्तीचे गाव उदाहरणादाखल घेऊ. जलजीवन मिशनच्या निकषानुसार दरडोई दररोज ५५ लिटर पाणी धरल्यास गावाला रोज १ लाख १० हजार लिटर पाणी लागते. विहिरीतील पाण्याच्या पातळीपासून जलकुंभाच्या माथ्यापर्यंतची उंची, नळातील घर्षणासह, ५० मीटर आहे असे समजू. एवढे पाणी एवढ्या उंचीवर चढविण्यास निसर्गनियमानुसार सुमारे १५ युनिटे पुरतात. परंतु पंप व मोटर यांची एकत्रित कार्यक्षमता ५० टक्के असेल तर ३० युनिटे लागतात आणि ती ३० टक्क्यांवर घसरली असेल तर ५० युनिटे लागतात.

पाणी तेवढेच, उंची तेवढीच. फरक मात्र रोज २० युनिटांचा, म्हणजे वर्षाला ७,३०० युनिटांचा. हा फरक झिजलेला इम्पेलर, पुन्हापुन्हा गुंडाळलेली मोटर, गळका फूटव्हॉल्व्ह किंवा अरुंद ऊर्ध्ववाहिनी यांमुळे पडतो. वितरण वाहिनीतून एकपंचमांश पाणी गळत असेल तर गावाला तेवढेच पाणी देण्यासाठी चांगल्या पंपालाही ३० ऐवजी साडेसदतीस युनिटे ओढावी लागतात. जलकुंभ भरून वाहू लागल्यावरही पंप चालूच राहिला, तर त्या पाण्याबरोबर वीजही ओढ्याला जाते.

ही तपासणी करण्यास मोठ्या उपकरणांची गरज नाही. जलकुंभाची क्षमता माहीत असते. तो रिकामा असताना मीटरचे वाचन घ्यावे, वाटपाची झडप बंद ठेवून तो भरावा व पुन्हा वाचन घ्यावे. वरील उदाहरणात ५० हजार लिटरचा जलकुंभ भरण्यास चौदाच्या आसपास युनिटे लागावयास हवीत. वीस-बावीस लागत असतील, तर दोष पंपात आहे की वाहिनीत, याचा शोध घेण्याची वेळ आली, असे समजावे. हा प्रयोग वर्षातून दोनदा, पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्यात, करून नोंदवहीत लिहून ठेवल्यास पंपाची प्रकृती कळत राहते.

आता याच हिशेबाची दुसरी बाजू पाहू. दोन हजार लोकवस्ती म्हणजे सुमारे चारशे कुटुंबे. चांगल्या पंपाने वर्षाला लागणारी १०,९५० युनिटे या कुटुंबांत वाटली, तर एका कुटुंबाच्या वाट्याला वर्षाकाठी साधारण २७ युनिटे येतात. पंप निकृष्ट असेल तर ४५ च्या वर जातात. पाणीपट्टीत विजेखेरीज कर्मचाऱ्याचे वेतन, निर्जंतुकीकरण व दुरुस्ती यांचाही समावेश करावा लागतो, हे खरे. तरीसुद्धा ‘विजेमुळे पाणी परवडत नाही’ या म्हणण्यातील तथ्य किती आणि वसुलीतील ढिलाई किती, हे या आकड्यांवरून ग्रामसभेला समजावून देता येईल.

मुळा धरणावरून पाणी उचलणाऱ्या बुऱ्हाणनगर किंवा मिरी-तिसगाव यांसारख्या प्रादेशिक योजनांत हा प्रश्न अधिक व्यापक होतो. तेथे अनेक गावांचे एकच देयक असते. एका गावाने पाणीपट्टी भरली आणि दुसऱ्याने भरली नाही, तरी पुरवठा खंडित झाल्यास दोघांचेही नळ कोरडे पडतात. अशा योजनेत प्रत्येक गावाच्या वेशीवर पाण्याचा मीटर असणे हा न्यायाचा भाग आहे.

दिव्यांचे गणित

एखाद्या गावात ४० पथदिवे आहेत. जुन्या पद्धतीची नळी चोकसह सुमारे ५० वॉट घेते. रोज ११ तास दिवे जळले तर २२ युनिटे होतात. त्याऐवजी २० वॉटचे एलईडी दिवे बसविल्यास ८.८ युनिटे पुरतात. वर्षाची बचत ४,८०० युनिटांहून अधिक होते.

परंतु पुष्कळ गावांत दिव्यांसाठी स्वतंत्र तार व कळ नसते, किंवा असली तरी ती बंद करण्याची जबाबदारी कोणावर नसते. त्यामुळे दिवे दिवसाही जळत राहतात. हेच ४० एलईडी दिवे चोवीस तास चालू राहिले तर १९.२ युनिटे खर्च होतात. म्हणजे नव्या दिव्यांवर केलेला खर्च जवळजवळ वाया गेला. दिवा बदलण्याइतकेच कळ बदलण्याला महत्त्व आहे, ते याकरिता. वेळेनुसार आपोआप चालू-बंद होणारी साधी कळ आणि ती तपासणारा एक नेमलेला माणूस, एवढी व्यवस्था पुरेशी होते. खांबांना क्रमांक देऊन दिव्यांची यादी कार्यालयात लावावी आणि देयकावरील युनिटे त्या यादीशी ताडून पाहावीत. उच्च प्राथमिक शाळेतील शिक्षकांना हा गणिताचा उत्तम पाठ वाटेल. दिवे मोजणे, वॉटचे युनिट करणे आणि देयकाशी तुलना करणे, हे काम सातवी-आठवीचे विद्यार्थी आनंदाने करू शकतात.

वाद उद्भवल्यास

देयक भरले नाही म्हणून पुरवठा तोडावयाचा असल्यास पुरवठादाराने पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस दिली पाहिजे, असे विद्युत अधिनियमाचे कलम ५६ सांगते. रक्कम वादग्रस्त असेल, तर मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती, हरकत नोंदवून भरल्यास वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. जी रक्कम प्रथम देय झाल्यापासून दोन वर्षांत सातत्याने थकबाकी म्हणून दाखविली गेली नाही, तिच्या वसुलीवरही याच कलमाने मर्यादा घातली आहे. म्हणून जुनी देयके फेकून न देता धारिकेत लावून ठेवावीत. स्थानिक कार्यालयात दाद न लागल्यास ग्राहक तक्रार निवारण मंच व त्यानंतर विद्युत लोकपाल यांच्याकडे जाता येते. मात्र वाद नसलेली रक्कम थांबवून ठेवणे हा तक्रारीचा मार्ग नव्हे.

सूर्य आणि पाणलोट

ग्रामपंचायत केवळ ग्राहक न राहता काही अंशी उत्पादकही होऊ शकते. कार्यालयाच्या किंवा शाळेच्या छपरावर सौर संच बसवून नेट मीटरद्वारे त्या जोडणीचे देयक कमी करता येते. पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी येथे सौर पथदिव्यांचा वापर फार पूर्वीपासून आहे. २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली, तेव्हा यवतमाळ जिल्ह्यातील कोळंबीबरोबर राळेगणसिद्धीचीही प्रारंभीच्या प्रकल्पासाठी निवड करण्यात आली. या योजनेचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये जाहीर झाला. त्यात ज्या ग्रामपंचायतींच्या हद्दीत प्रकल्प उभा राहील, त्यांना तीन वर्षे दरवर्षी ५ लाख रुपये देण्याची तरतूद करण्यात आली. सौर संच घेताना मात्र पाच वर्षांनंतर बॅटरी कोण बदलणार व पॅनेल कोण पुसणार, याचे उत्तर ठरावातच असावे. देखभाल न झालेला सौर दिवा हा अखेर नुसता खांबच ठरतो.

सर्वांत मोठी बचत याहूनही वेगळ्या ठिकाणी आहे. नगर तालुक्यातील हिवरे बाजारने पाणलोटाची कामे केली, विंधन विहिरींवरून शेतीला पाणी घेण्यास बंदी घातली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडण्याची प्रथा पाडली. त्यामुळे भूजलाची पातळी वर आली. याचा विजेशी थेट संबंध आहे. वर घेतलेल्या उदाहरणात पाणी उचलण्याची उंची ५० मीटरऐवजी ३० मीटर झाली, तर त्याच कार्यक्षमतेने ३० युनिटांऐवजी १८ युनिटांत काम भागते. डोंगरउतारावर घातलेला बांध अशा रीतीने विजेच्या देयकावरही दिसतो. पाणी जितके खोल जाईल तितके देयक वर चढेल, हा या दुष्काळी पट्ट्याचा नियम आहे.

ग्रामसभेपुढे काय ठेवावे?

अंदाजपत्रकाच्या ग्रामसभेत वीजखर्चाचा एक रकाना वाचून दाखविण्याची पद्धत आहे. त्याऐवजी पाच गोष्टी सांगाव्यात : गावाने वर्षभरात किती युनिटे वापरली, हजार लिटर पाण्यामागे किती युनिटे लागली, दिवे किती व ते किती तास जळले, विलंब आकारापोटी किती रक्कम गेली, आणि पाणीपट्टी व दिवाबत्ती कर यांची मागणी किती व वसुली किती. सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांना ही माहिती एका कागदावर मांडता येते आणि कार्यालयाच्या फलकावर लावता येते.

जी ग्रामपंचायत हा कागद दरवर्षी तयार करील, तिला विजेचा दर वाढला तरी गोंधळून जाण्याचे कारण पडणार नाही. वाढ दरामुळे किती आणि आपल्या गळतीमुळे किती, हे तिला सांगता येईल. नळाला पाणी येणे हे तोडणीच्या नोटिशीवर अवलंबून राहू नये, एवढी खबरदारी गावाला गावातच घेता येते. आणि तिचा प्रारंभ पंपघरातील मीटर वाचण्यापासून होतो.